म्हसबुडीचं पाणी

बिरवाडी,
९ फेब्रुवारी २०२५

श्रीपतमामा,

सप्रेम जय भीम.

तुमच्या वाडीत रेंज नाही हे माहीत असूनही आठवडाभर फोन लावत बसले. शेवटी आई वैतागली. म्हणाली, "गुरुजीला पत्र लिही. कागदावर असल्याशिवाय तो कुणाचं ऐकत नाही." तुम्ही तिचे चुलतभाऊ, तिला तुमचा स्वभाव ठाऊक. म्हणून हे पत्र महाड डेपोतून निघणाऱ्या धामणकोंडच्या मुक्कामी गाडीने पाठवते आहे. सोबत खोकं आहे, त्यात रिकाम्या बाटल्या. मामीला सांगा, लोणच्यासाठी नाहीत.

मला तुमच्या म्हसबुडीचं, वाडीवरच्या त्या दलदलीचं, पाणी हवं आहे. लहानपणी तुम्ही मला तिथे नेलं होतंत, पायाखालची जमीन गादीसारखी हलली आणि मी भोकांड पसरलं होतं. आता अशाच जागांबद्दल मी कॉलेजात शिकवते. ती काळी, भुसभुशीत जमीन म्हणजे नुसता चिखल नाही. शेकडो वर्षांचं गवत आणि पाला पाण्याखाली पुरता न कुजता साठत गेला, त्याची ती झाली. इंग्रजीत पीट म्हणतात. आपल्या डोंगरांत अशी जागा फार क्वचित. पावसाळ्यात ती पोटभर पाणी पिते आणि उन्हाळाभर ते थोडं थोडं खाली सोडते. तुमच्या वाडीचा आणि मधल्या वाडीचा झरा त्यावरच चालतो, असं मला वाटतं.

आणि घाई का, तर तुमचे किशोर सरपंच मला इथे बाजारात भेटले. पंचायत म्हसबुडीतला काळा गाळ खणून काढणार आणि तिथे सिमेंटचा तलाव बांधणार. एक मेच्या ग्रामसभेत ठराव आहे. मी बरीच भांडले. तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, जागा जिवंत आहे असं तुम्ही तपासून लेखी द्या, मी फावडं लावत नाही. मेलेली असेल तर मात्र अडवायचं नाही." मी हो म्हणून आले.

तपासायचं कसं, तर तिथल्या शेवाळालाच विचारायचं. डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं, मामा. त्यातले डायाटम म्हणजे काचेच्या डब्या, तुमच्या चुन्याच्या डबीसारखी दोन झाकणं एकात एक बसलेली. दुसरे डेस्मिड, हिरवेगार, दोन अर्धे हुबेहूब सारखे. यांच्या काही जाती फक्त आंबूस, निर्मळ, खत न लागलेल्या पाण्यात जगतात. जागा सुकू लागली किंवा वरून खत आलं की आधी या जातात आणि दुसऱ्याच जाती येऊन बसतात. झाडं वाळायच्या कितीतरी आधी हे कळतं.

मी स्वतः आले असते, पण कॉलेजच्या जिन्यावरून पडून पाय प्लास्टरमध्ये आहे. हसू नका. बाटल्या स्वच्छ आहेत, फक्त पाणी भरून, झाकणं घट्ट लावून पाठवा.

तुमची,
आम्रपाली


धामणकोंड, बौद्धवाडी,
१७ फेब्रुवारी

चि. आम्रपाली,

जय भीम आणि आशीर्वाद. जिन्यावरून पडलीस याबद्दल हसलो नाही. मामी हसली.

बाटल्या भरून पाठवत आहे. मी म्हसबुडीच्या काठापर्यंत गेलो आणि खडकावर बसलो, कारण या वयात जमीन हललेली मला चालत नाही. पुढे मामी गेली. बाटल्यांना तिने मला हातही लावू दिला नाही. "तुमच्या हाताला खडूचा वास हाय," म्हणाली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी हिच्या नाकातून खडू जात नाही. पाणी हंड्यात आणलं आणि घरी आल्यावर तिनेच बाटल्या भरल्या, पुसल्या, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून खोक्यात रचल्या. लग्नाचा रुखवत इतक्या निगुतीने कुणी मांडला नसेल.

आता माझं ऐक. किशोर वाईट मुलगा नाही, माझाच विद्यार्थी. पण त्याला पाणी दिसायला हवं असतं. मी त्याला म्हटलं, अरे, दिसणारं पाणी वेगळं आणि मिळणारं वेगळं. मे महिन्यात खालच्या गावांना टँकर येतो आणि आमच्या दोन वाड्यांना आजवर आलेला नाही. झरा करंगळीएवढा होतो, पण बंद पडत नाही. खणल्यावर तो राहील असं मला छातीठोकपणे सांगणारा कुणी भेटलेला नाही. वरच्या अंगाला जेसीबीसाठी रस्ता आखून झाला आहे.

म्हणून तुझ्या त्या काचेच्या डब्यांवर आमची भिस्त आहे. शितावरून भाताची परीक्षा करतेस तर शीत नीट बघ.

तुझा,
श्रीपतमामा


बिरवाडी,
२ मार्च

मामा,

हे पत्र मी दोनदा फाडलं.

बाटल्यांत काही नाही. एका बाटलीत नाही म्हणून दुसरी पाहिली, सगळ्या पाहिल्या. डेस्मिड एकही नाही. डायाटमचं एखाददुसरं फुटकं कवच. जिवंत पाणथळीच्या एका थेंबात जत्रा भरलेली असते, मामा. तुमच्या थेंबात शुकशुकाट आहे. म्हसबुडी मेली आहे, बहुधा मरून बराच काळ झाला आहे.

मी किशोरना शब्द दिला होता, तेव्हा खरं ते लिहून परवाच पाठवलं. न पाठवता आलं असतं, आईही तेच म्हणाली. पण हवं ते निघालं तर अहवाल द्यायचा आणि नको ते निघालं तर दडपायचा, असं केलं तर उद्या माझ्या कुठल्याच कागदावर कुणी विश्वास का ठेवावा?

मला फार वाईट वाटतं आहे. मामीला सांगा, तिने इतकं निगुतीने पाठवलं आणि मी हे असं उत्तर दिलं.

आम्रपाली


धामणकोंड,
९ मार्च

आम्रपाली,

तुझा कागद किशोरने काल चावडीवर वाचून दाखवला. "बघा गुरुजी, तुमच्याच भाचीनं लिहिलंय." मधल्या वाडीचा भागोजी तर मला म्हणाला, "गुरजी, मेलेल्या म्हशीला किती राखायची?" मी घरी आलो आणि जेवलो नाही. तुझा तो सूक्ष्मदर्शक एकदा तपासून घे. म्हसबुडीत बेडूक आहेत, चतुर आहेत, हिरवी शेवाळं आहेत, मे महिन्यात गवत हिरवं असतं, आणि तू म्हणतेस मेली? पुस्तकं वाचून माणसं अशी

१० मार्च

काल इथवर लिहून लेखणी आपटली होती. पुढचं आज लिहितो.

काल मी मामीला म्हटलं, पाण्यात काहीच निघालं नाही. ती म्हणाली, "मग चांगलंच हाय की!" मी म्हटलं, चांगलं कसं? पाण्यात शेवाळ निघायला हवं होतं. तिचा चेहरा उतरला.  मग पदराने घाम पुसत म्हणाली, "शेवाळ कसं निघंल? मी तुरटी फिरवून निवळलं, वरचं घेतलं, चार पदरी फडक्यानं गाळलं, मगच बाटलीत भरलं."

मी कपाळाला हात लावला. अगं पण का? तर म्हणते, "तपासायला नेनार ते पानी. कालेजातली चार मानसं बघनार. त्यात घाण दिसली तर काय म्हनतील? हे बघा, बौद्धवाडीतली लोकं काय पितात. आपल्या पान्याला कुनी नाव ठेवायचं नाय."

मला रागवायचं होतं. रागवता आलं नाही. तुला माझी आई आठवत नसेल. झऱ्यावर तिला हात लावू देत नसत. मधल्या वाडीची बाई वरून ओतणार, तेव्हा हिचा हंडा भरणार, आणि उपसून उपसून तळाचं गढूळ झालं की हिची पाळी. माझी आई ते घरी आणून निवळायची, गाळायची. मामी लग्न होऊन आली तेव्हा पहिलं काम हेच शिकली. आता झरा सगळ्यांचा आहे, नळाचा पाइप आहे, पण आमच्या घरातून दुसऱ्याकडे जाणारं पाणी आजही गाळल्याशिवाय जात नाही.

तेव्हा म्हसबुडी मेलेली नाही. पण एक सांगतो, हे बाहेर जाता कामा नये. काशीबाईने पाणी गाळून म्हसबुडीला मारलं, असं दोन्ही वाड्या वर्षानुवर्षं हसत बसतील. तुझ्या प्रयोगशाळेत घोळ झाला असं काहीतरी लिही.

श्रीपतमामा


बिरवाडी,
२१ मार्च

मामा,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. आई हसत सुटली आणि हसता हसता रडली. मलाही तसंच झालं.

काल वीस मार्च, दरवर्षीसारखी चवदार तळ्यावर गेले होते. प्लास्टर निघालं आहे, पण पाय सुजलेला, म्हणून पायरीवर बसून राहिले. तळ्याकडे बघताना मला माझीच लाज वाटली. बाटल्यांतलं पाणी इतकं निवळशंख होतं की कुठल्याही दलदलीचं नव्हे हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मी कधी विचारलंच नाही, पाणी कसं भरलं? मी मामीच्या बाटल्यांवर विश्वास ठेवला आणि मामीला एक शब्द विचारला नाही. चूक तिची नाही. शेवाळ हवं आहे हे मी तुम्हाला पानभर लिहिलं, तुम्ही तिला सांगितलंत का? आणि ते गाळू नका हे मीही लिहिलं नव्हतं.

आता नव्याने. हे शब्दशः मामीला वाचून दाखवा. पाण्यावरचं हिरवं, बुळबुळीत शेवाळ मुठीत धरून बाटलीत पिळायचं. बुडालेल्या काड्यांवरचा चिकट थर बोटाने खरवडून बाटलीत टाकायचा. काठाशी कोपरापर्यंत हात घालून काळा गाळ काढायचा, तो वेगळ्या बरणीत. धुवायचं नाही, निवळायचं नाही, तुरटी घराबाहेर ठेवायची. जितकं घाण दिसेल तितकं माझ्या कामाचं.

किशोरना मी फोन केला होता. ते थंडपणे म्हणाले, "मॅडम, एका कागदात मेली, दुसऱ्या कागदात जिवंत. का बदललं ते लेखी लागेल, नाहीतर पहिलाच धरू." ठराव मागे घ्यायचा तर त्यांना कारण लागणारच. तेव्हा त्याचा विचार करून ठेवा.

आम्रपाली


धामणकोंड,
६ एप्रिल

चि. आम्रपाली,

पाठवलं आहे. बरणी उघडताना नाक धर.

मामीने ते भरताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला चोरी करायला लावली. "हे असलं कसं द्यायचं कुनाच्या हातात?" असं म्हणत म्हणत भरलं. कोपरापर्यंत काळी झाली होती. मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरने विचारलं, यात काय आहे? ती म्हणाली, "औषध हाय."

कारणाचा विचार मी करून ठेवला आहे. बाटल्या एसटीत तापल्या, असं लिही. किंवा प्रयोगशाळेत बदलल्या. कुणाचं काय जातं? मामी त्या दिवसापासून झऱ्यावर उन्हं चढल्यावर, बायका निघून गेल्यावर जाते. मधल्या वाडीच्या रंगूबाईला कळलं तर ती तोंडावर काही बोलणार नाही, आणि तेच मामीला जास्त लागेल. एवढं माझ्यासाठी कर. आजवर तुझ्याकडे मी काही मागितलेलं नाही.

श्रीपतमामा


बिरवाडी,
१६ एप्रिल

मामा,

ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

आधी आनंदाचं. जत्रा भरली आहे! पहिल्याच थेंबात चंद्रकोरीसारखे डेस्मिड, मग चांदणीच्या आकाराचे, कातरलेल्या कडांचे. आंबूस आणि निर्मळ पाण्याशिवाय न जगणारे डायाटम खच्चून आहेत. खतावर पोसणारे फक्त एका बाटलीत, तेही थोडे. बरणीतल्या काळ्या गाळातही त्याच डब्या, काच असल्यामुळे न कुजलेल्या. हा गाळ किती जुना ते मी सांगू शकत नाही, पण आज तिथे जे जगतं आहे तेच तेव्हाही जगत होतं. कॉलेजातले आमचे सर एरवी कशालाच चांगलं म्हणत नाहीत, ते सूक्ष्मदर्शकावरून उठेचनात. म्हसबुडी ठणठणीत आहे. ती खणली तर असं काही पुन्हा बांधता येणार नाही, तलाव बांधणाऱ्यालाही नाही.

आता अवघड. एसटीत तापल्या असं मी लिहिणार नाही. एका खोट्याच्या आधारावर खरं उभं केलं तर पहिला चौकस माणूस ते पाडेल, आणि मग जेसीबीला अडवणारं कुणी उरणार नाही. मी लिहिलं आहे की नमुने निवळून गाळलेले होते आणि कसे भरायचे ते न सांगणं ही माझी चूक. मामीचं नाव कुठेही नाही. पण बाटल्या कुणी भरल्या हे दोन्ही वाड्यांना माहीत आहे, तेव्हा नाव नसण्याला किती अर्थ आहे हे मलाही कळतं.

म्हणून हे पत्र मामीसाठी आहे. मामी, तू नको म्हणालीस तरी मी हा कागद देणार आहे. तू पुन्हा मला घरात घेतलं नाहीस तर तोही तुझा हक्क आहे. पण झरा गेला तर तो दोन्ही वाड्यांचा जाईल, आणि पुन्हा कुणीतरी कुणाच्या तरी ओतण्याची वाट बघत हंडा घेऊन उभं राहील. ते मला बघायचं नाही.

पाय पुन्हा सुजला आहे, डॉक्टरांनी घाट चढायला मनाई केली आहे. सूक्ष्मदर्शक आणि काचा गाडीने पाठवते, सभेच्या दिवशी म्हसबुडीतलं ताजं शेवाळ त्यांवर पिळा. मामा, तुम्ही शाळेत वापरलेला आहे. आरसा उजेडाकडे करा आणि मोठं चाक हळू फिरवा, काच फोडू नका.

आम्रपाली


धामणकोंड,
५ मे

चि. आम्रपाली,

काच फुटली नाही. बाकी बरंच काही झालं.

तुझं पत्र मी मामीला वाचून दाखवलं. ती उठून बाहेर गेली.  मी तुझ्यावर चिडलो होतो, हेही तुला कळू दे.

सभा शाळेच्या पडवीत होती, जेसीबी खाली वळणावर उभा. किशोरने तुझे दोन्ही कागद वाचायला घेतले. पहिला झाला. दुसऱ्यात 'नमुने गाळलेले होते' इथे आला आणि भागोजीने मोठ्याने विचारलं, "गाळले कुनी? आनि कशापायी?" माणसं माझ्याकडे बघू लागली. मी उभा राहिलो. अर्धं आयुष्य पोरांपुढे बोलण्यात गेलं, पण नुसती काचांची डबी उघडत मिटत राहिलो.

तेवढ्यात बायकांतून मामी उठली. "मी गाळलं," म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. ती थांबली नाही. "हसा. माझी सासू या झऱ्यावर उभी ऱ्हायची. वरून कुनी ओतलं तर हंडा भरायचा. सगळ्यांचं झाल्यावर तळाचं गढूळ तिच्या वाट्याला. ते तिनं गाळून गाळून पोरं वाढवली. माझ्या हाताला तीच सवय हाय. आमच्या पान्याला कुनी घाण म्हनू नये म्हनून मी गाळलं. आता भाची सांगते, फडक्यात जे ऱ्हायलं तेच म्हसबुडीचा जीव हाय. माझ्या हातून चूक झाली, ती मी सांगितली. आता तुम्ही जेसीबी लावून तीच चूक करा, नायतर करू नका. ती मात्र निस्तरता येनार नाय."

 मी सकाळीच काठावरून आणलेलं शेवाळ काचेवर पिळलं आणि यंत्र उजेडाकडे करून मांडलं. सगळ्यांत आधी रंगूबाई उठली. डोळा लावून बराच वेळ बघत राहिली आणि ओरडली, "अगो, ह्ये हालतंय!" मग जी झुंबड उडाली ती आवरेना. भागोजीने दोनदा बघितलं आणि म्हणाला, जनावरं हायत का झाडं ते तरी सांगा. मी सांगितलं, माझ्या परीने. किशोरने स्वतः बघितलं आणि मग कागद पुढे ओढून लिहिलं, म्हसबुडीला फावडं लावायचं नाही, आणि दर हंगामात तिथलं पाणी तपासायला पाठवायचं. कोण पाठवणार, असं विचारलं तर बायकांनी मामीकडे बोट दाखवलं. जेसीबी दुपारी घाट उतरून गेला.

हे सगळं तुला किशोरकडून कळलंच असतं. मला लिहायचं आहे ते परवाचं.

परवा रंगूबाई आमच्या पडवीत येऊन बसली. तू याच मातीतली, तुला सांगायला नको. ती येते, बसते, लग्नाकार्याला आहेर करते, दुखण्यात रात्र जागवते. पाणी विचारलं की म्हणते, "आत्ताच पिऊन आले." तिची सासूही हेच म्हणायची. आमच्याकडे येताना त्या घरातल्या बायकांना तहान कधी लागलेलीच नाही. परवा बसल्या बसल्या ती म्हणाली, "काशे, पानी दे गो जरा."

मी पेपर खाली ठेवला. मला वाटलं, मामी आता धावेल. ती जागची हलली नाही. म्हणाली, "देते. पन आज पिलीस तर उद्या पन पियाला लागंल. परवा पन. आनि तुझ्या सुनंला पन. एका दिवसाचं कवतिक मला नको."

मला तिचं तोंड धरावंसं वाटलं. रंगूबाई अंगणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सुनंचं मी सांगत नाय. माझं सांगते. दे."

मामीने तांब्या दिला. ती प्यायली, तोंड पुसलं, इकडचं तिकडचं बोलली आणि गेली. मामी आत जाऊन रडली. मीही रडलो, पण पडवीतच.

काल रंगूबाई पुन्हा आली होती. आज अजून आलेली नाही. मामी दाराकडे पाठ करून तांदूळ निवडते आहे आणि जरा पाऊल वाजलं की हात थांबवते.

तुझा,
श्रीपतमामा